तिसरा दशांश

इथल्या रियालला तीन दशांश लागतात.
पहिल्या महिन्यात मी दोनच लिहायचो,
हाताला पैशांची सवय.
झुवैनाबाईंनी बिल परत सरकवलं,
"बेडणेकर, शेवटचा आकडा कुठाय?"
त्यांच्या जिभेवर प बसत नाही.
मीही आता दुरुस्त करत नाही.

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, रेडिएटरवाल्याच्या मागे
आमचं सुतारकाम : माणसं सात, करवती यंत्रं दोन,
आणि भिंतीवर फ्रेम करून
लहान उद्योगाचं कार्ड.
त्या कार्डावर बयाणा माफ.
बाकी काही माफ नाही.

शाळांसाठी बाकं, नग तीनशे चाळीस,
निविदा गुरुवारी बाराला बंद.
बुधवारी रात्रभर मी एकच बाक उसवत बसलो :
फळी, पाइप, अठरा स्क्रू,
कुतुबुद्दीनचा हात, त्या हाताचा चहा,
पायांखालच्या रबरी टोप्या चार, चार-चार बैशांच्या.
टोप्या काढू?
"पोरं बाकं ओढतात," बाई म्हणाल्या,
"मास्तरणीचं डोकं उठतं. राहू देत."
मग चहा काढला.

अठरा रियाल सातशे पंचेचाळीस.
मस्कतच्या बड्या कंपनीचे अठरा सातशे पन्नास.
पाच बैशांनी जिंकलो.
पाच बैशांत इथे
साधी काडेपेटीही येत नाही.

रंगवाल्याची भट्टी बिघडली, माल दोन दिवस उशिरा गेला.
पैसे नव्वद दिवसांत, असं कागदावर होतं.
बाई दर रविवारी जायच्या, त्याच खुर्चीवर बसायच्या.
हिशेबखात्यातला हुमैद भला माणूस,
कहवा ओतायचा, खजूर पुढे करायचा,
म्हणायचा, "सही माझ्या वरच्या मजल्यावर आहे."
इकडे कुतुबुद्दीन पगाराचं विचारत नव्हता.
एकाच पात्याला दिवसातून दोनदा धार लावत होता.

एकशे एकोणतिसाव्या दिवशी पैसे आले,
दंड वजा करून :
त्रेसष्ट रियाल सातशे तेहतीस.
तिसऱ्या दशांशापर्यंत चोख.
त्यांच्या उशिराचा आकडाही मी काढला होता,
वहीच्या कडेला, पेन्सिलीने.
बाईंनी काही न बोलता खोडरबर पुढे केलं.

परवा एका शाळेत सैल स्क्रू आवळायला गेलो.
वर्ग रिकामा होता. मी एक बाक
भिंतीपासून फळ्यापर्यंत ओढत नेलं,
परत आणलं.
वॉचमन बाहेर पेंगत होता, तसाच पेंगत राहिला.

आज नवी निविदा उघडली, शिक्षिकांची टेबलं, नग बेचाळीस.
फळीचा भाव अजून आलेला नाही.
मी टोप्या आधी लिहिल्या.