पाच मिलिलिटर

प्रयोगशाळेची मुलगी दिवाळ्याला आली
तेव्हा ओहोटी लागली होती.
तिनं बोटभर उंचीची बाटली दिली, म्हणाली,
ताई, एवढंच दूध. पाच मिलिलिटर.
धर्मीबाय भांडी घासता घासता हसली :
"दुधान काय बगाचाय? दूध हाय ते."

बाळंतपणाचा अकरावा दिवस.
दोन्ही वेळा मुशीचं कालवण,
लसूण भरपूर, तिखट बेताचं.
मुशी खाल्ली की पान्हा फुटतो,
हे तिला तिच्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या.
त्यांच्या खाडीत रात्रीबेरात्री
पावण्याचा नाला सुटत नव्हता.

आधीची दोन राहिली नाहीत.
एक दहाव्या आठवड्यात.
दुसऱ्याला नखं आली होती.
गावदेवीला नारळ झाला, काळा दोरा झाला,
माझ्या कामाचं कुणी विचारलं नाही :
पिशव्यांवर छपाई, थिनरचा डबा उघडा,
नाकाला ओढणी,
आणि एक वाजता त्याच हातांनी जेवणाचा डबा.

कागद पावसाळ्यानंतर आला.
शिसं, पारा, आणखी एक लांबलचक नाव
जे मला अजून नीट म्हणता येत नाही.
पुढं आकडे. दशांशचिन्ह एवढंसं
की आधी माशीची घाण वाटली,
नखानं खरवडून पाहिलं.
खाली ठळक अक्षरात : स्तनपान थांबवू नये.
मग थांबवायचं काय, ते लिहिलं नव्हतं.
पिठाच्या डब्यामागं ठेवून दिला.

धर्मीबायला अक्षर येत नाही.
बिळाच्या तोंडावरून तिला कळतं
आत निवटी आहे की खेकडा.
हल्ली खाडीवरून आली की पाय
आधी रॉकेलनं पुसते, मग साबणानं.
मला तिनं काही विचारलं नाही.
फक्त मुशी बंद झाली.

परवा ती बेलापूरच्या बाजारातून आली,
मागच्या दारानं, पदराखाली पिशवी.
बर्फातली सुरमई.
विकत.
कोळणीच्या घरात विकतचं म्हावरं.
शेजारच्या बामीला दिसू नये म्हणून
डोकं, काटे कागदात गुंडाळून
तिनं कचऱ्याच्या तळाशी दाबले.
सुरमईत काय असतं ते मी शोधलं नाही.
एवढ्या लांबून, एवढ्या लाजेनं आणलेली.

पिशवीवर लाल जास्वंद होती,
एक पाकळी जरा सरकलेली.
आमच्याच मशिनची.

पोर रांगत गेलं,
पिशवीचा बंद तोंडात घातला.

आम्ही दोघी एकदमच उठलो.