पेव

मार्केट यार्डात बिरनाळ्यांच्या अडतीवर
हळदीचं पोतं काट्यावर चढायचं
आणि आकडा उडून यायचा मोबाईलवर.
ते उडणं मी लिहिलेलं नव्हतं.
विश्रामबागच्या खोलीत, रात्री दीडला,
मला एक लायब्ररी सापडली फुकटची.
नाव ना गाव,
कशी वापरायची याची एक ओळ नाही,
चुकली तर काय करते, याची तर नाहीच.
हल्ली असल्यांचं पेवच फुटलंय.
जोडली. चालली.
चालली म्हणजे कळली, असं मी धरून चालले.

अकरा दिवस बरे गेले.
बाराव्या दिवशी दस्तगीरचाचांनी
पाठीवरचं पोतं खाली टेकवलं,
"पोरी, ही एकेचाळीस पोती
सगळी बावन्न किलो चारशेच कशी गं?
माझी पाठ तर येगळंच सांगालीय."

काट्याची बॅटरी संपली होती.
आणि लायब्ररी, गप्प बसायचं सोडून,
शेवटचाच आकडा पुन्हा पुन्हा देत होती,
नापास पोरानं
गेल्या वर्षीचं प्रगतिपुस्तक पुढं करावं तशी.

रात्री आत शिरले.
साडेतीन हजार ओळी. टेंप, टेंप दोन, टेंप नवा.
मध्येच इंग्रजीत एकुलता शेरा :
याला हात लावू नये.
कुणी लिहिलं, कशाच्या भीतीनं?
तळाशी पत्ता होता. मेल केला, तो परत आला.

सकाळी सगळी पोती पुन्हा काट्यावर.
चाचा हरिपूरच्या पेवांचं सांगत होते :
पंधरा-वीस हात खोल, आत वर्षभराची हळद.
तोंड उघडलं म्हणून लगेच उतरायचं नाही.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
तो विझला तर माणसानं वरच थांबायचं.
"आणि तसंच उतरलं तर?"
"आमचा हुसेनभाई घाईचा होता,"
एवढंच म्हणाले, आणि पुढच्या पोत्याला हूक लावला.

बिरनाळेअण्णा लाल शाईनं वही खोडत होते.
एकावन्न दोनशे.
त्रेपन्न.
पन्नास आठशे.
माझ्याकडे बघत नव्हते.

दुपारी यार्ड जेवायला गेलं तेव्हा
काट्यावर एक पोतं तसंच ठेवून
मी बॅटरी मुद्दाम काढली,
आणि पिवळ्या बोटांत मोबाईल धरून
बघत उभी राहिले,
आकडा विझतो का.