कानातला खडा

पहिलं पत्र कर्तव्य म्हणून आलं होतं.
आखीव कागद, तीन प्रश्न,
फ्रीझनबाईंनी वर्गात सांगितलेले:
तुम्ही काय करता. रोज करता का. पगार किती.
खाली नाव, ओरेस्ट हनाटिव, पाचवी,
आणि ता. क.: आमच्याकडे समुद्र नाही, गहू आहे.

मी लिहिलं:
कॉड माशाच्या कानात एक खडा असतो,
पावट्याच्या दाण्याएवढा.
तो मधोमध मोडायचा, वर तेलाचा थेंब,
भिंगाखाली धरायचा आणि वर्षं मोजायची.
उन्हाळा रुंद, पांढरा. हिवाळा म्हणजे काळपट बारीक रेघ.
दिवसाला साठ खडे. शनिवार-रविवार सोडून.
पगाराचं उत्तर गाळलं.

सेंट जॉन्सहून सस्कॅचेवानला टपाल नऊ दिवसांत पोचतं.
बर्फ असला तर त्याची मर्जी.

दुसऱ्या पत्रात एकच प्रश्न,
बाईंनी दिलेला नव्हे, ते अक्षरावरूनच कळत होतं:
कधी चुकलात का?

बंदरावर धुकं उतरलेलं, भोंगा वाजत होता.
दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले.
डर्मट म्हणाला, लिही की काहीतरी, पोरगं आहे.
पोरगं आहे म्हणूनच तर.

मग लिहिलं:
एका सालचे बाराशे खडे. प्रत्येकात एक रेघ जास्त मोजली.
मासा उपाशी राहिला किंवा पाणी अचानक गार झालं
की वाढ थांबते आणि तिथे रेघ उठते.
दिसते अगदी वर्षासारखी. वर्ष नसते.
आम्ही तिला खोटी रेघ म्हणतो.
बाराशे मासे मी एका वर्षानं म्हातारे केले,
अहवाल छापून गेला,
आणि तो मागे घ्यायचं पत्रही मलाच लिहावं लागलं.
तेव्हा कानाला खडा लावला:
एकटीनं मोजायचं नाही. दुसरा वाचक हवा,
माझा आकडा ज्याला माहीत नाही असा.

तिसरं पत्र मार्चात. पेन्सिलीनं, खोडून पुन्हा लिहिलेलं.
मी पाचवीत दुसऱ्यांदा आहे.
गेल्या वर्षी आम्ही तीनदा घर बदललं.
म्हणजे माझी ती रेघ खोटी का?

आता सांगा, एकतीस वर्षं खडे मोडणाऱ्या बाईनं
यावर काय लिहायचं.

'नाही' लिहिलं, खोडलं.
'हो, पण' लिहिलं. तेही.
खोटी हा शब्द कुणी ठेवला असेल, त्याचाच राग आला.
मासा उपाशी होता, हे तर खरं होतं ना?
शेवटी तेवढंच लिहिलं.
रेघ खरी असते, ओरेस्ट. नाव आम्ही चुकीचं ठेवलंय.

आणि पाकिटात, कापसात गुंडाळून, अर्धा खडा.
शाळेत भिंग असेल. मी मोजलेला नाही. तू मोज.

एप्रिल गेला. अर्धा मे गेला.
डर्मट रोज विचारायचा, आलं का काही तुझ्या माणसाचं?

आलं.
आठ. किंवा नऊ.
फ्रीझनबाई आठ म्हणतात, पण त्यांनी चष्मा लावला नव्हता.
एका रेघेपाशी मी अडतो. चित्र काढलंय, तिथे बाण आहे.
खड्याला समुद्राचा वास येत नाही.
तो परत पाठवायलाच हवा का?

दुसरा अर्धा माझ्याकडे होता.
तेल. दिवा. भिंग.
बाण होता तिथेच मीही अडले,
बराच वेळ.

तक्त्यात दुसऱ्या वाचकाच्या रकान्यात
आम्ही नुसती आद्याक्षरं टाकतो.
मी पूर्ण नाव घातलं,
आडनावाचं स्पेलिंग पाकिटावरून बघत.
वयाच्या रकान्यात संगणक एकच आकडा घेतो.
तो अजून भरलेला नाही.