पान चौदा, फुगा तिसरा

डुलुथमध्ये एप्रिलातही सरोवरावर बर्फ तरंगतं.
बेकरीखालच्या तळघरात रेइनोचं कॉमिक्सचं दुकान,
वरून राईच्या पावाचा वास, खालून ओल,
आणि मध्ये कीगन, वय चोवीस,
नवा अंक गुंडाळून मांडीवर आपटतोय.

"हार्बरमास्टर बायसेक्शुअल?
पस्तीस वर्षांनी? एका रात्रीत?
हा सरळसरळ ध चा मा आहे!
मग लोर्ना काय होती, देखावा?
दोनशे बारा अंक आहेत माझ्याकडे,
एकातही नाही हे. एकातही."

"आयली, सांग त्याला," रेइनो म्हणतो.
त्याला माहीत आहे, त्या दोनशे बारांतले
पहिले नव्वद माझ्या हातचे.
चित्रं नव्हेत, चित्रं दुसऱ्यांची.
मी फक्त अक्षरं काढायची:
माणसांच्या तोंडाशी पांढरे फुगे, फुग्यांत शब्द,
पानामागे अकरा डॉलर
आणि टाक ज्याचा त्यानं आणायचा.

अंक एकसष्टावा, पान चौदा.
धक्क्यावर धुकं. खनिजाचं जहाज सुटतंय.
हार्बरमास्टरच्या हातात
इंजिनखोलीतल्या एमेटचा कोट.
फुगा तिसरा.
मी लिहून, वाळवून, पाठवूनही दिला होता.
मंगळवारी फोन आला: तेवढा फुगा बदला.
काय लिहू?
काहीही. हवामानाचं लिहा.

मी कागदाची पट्टी कापली, चिकटवली,
वर लिहिलं: आज वारा ईशान्येचा आहे.

तर कीगन, बाळा, ध चा मा झाला खरा.
पण तो त्या मंगळवारी झाला
आणि माझ्या हातून झाला.

मूळ पान परत आलं ते माझ्याकडेच राहिलं,
इस्त्रीच्या फळीमागे.
परवा रात्री किटलीच्या वाफेवर धरलं.
पट्टी सुटली, दुधावरची साय निघावी तशी.
खाली काही नव्हतं.
गोंदानं शाई पिऊन टाकलेली,
एक स्वल्पविराम तेवढा शिल्लक.
आणि मला, देवाशपथ, आठवत नाही
तिथे काय लिहिलं होतं.

"म्हणजे पुरावा नाहीच," कीगन म्हणतो,
आणि बरोबरच म्हणतो.
पण मी त्या स्वल्पविरामापाशी अडले आहे.
निरोप देताना कुणीतरी तिथे दम घेतला होता.

आणि लोर्ना देखावा नव्हती.
चौसष्टाव्या अंकात, चुलीकडे तोंड करून, ती विचारते,
"त्याचं पत्र आलं का?"
ते 'त्याचं' कुणी कापलं नाही.
स्वयंपाकघरातल्या ओळी कोण तपासतो!
लोर्नाचं नाव आणि एमेटचं नाव
मी एकाच दौतीतून काढलं,
एकाच टाकानं,
एक रेघ दुसरीहून बारीक नाही.

रेइनो खोक्यात बोटं चालवतो,
एकसष्टावा काढतो, प्लास्टिकची चिकटपट्टी सोडवतो.
"उघडलं की किंमत उतरते," कीगन घाबरून म्हणतो.
"माझं दुकान आहे," रेइनो म्हणतो.

पान चौदा.
कीगन वाचतो. पुन्हा वाचतो, या वेळी मोठ्यानं:
आज वारा ईशान्येचा आहे.
मग बराच वेळ कोटाकडे बघत राहतो,
त्याच्या बाहीवरच्या मुठीकडे.

"हे काहीतरीच लिहिलंय," तो म्हणतो.

"घाईत लिहिलं होतं," मी म्हणते.