चौथी जुडी

राबोडीतून मुनाफभाईंचा फोन येतो,
"टिपणीस, तुमच्या जातीचं काहीतरी आलंय."
माझी जात म्हणजे
दाढीच्या ब्लेडला धार लावायची जुनी यंत्रं.
हे ठाण्यात तीन माणसांना ठाऊक आहे.
त्यातलं एक घरातच आहे, आणि तिला ते पसंत नाही.

आजवर एकोणीस जमली.
एकाला दोरी आहे, ओढली की आतला चामड्याचा रूळ फिरतो.
एक निकेलचं, स्विस, तळहातात मावणारं.
एक जर्मन, त्याची मूठ फिरवत राहिलं
की पातं आपणहून कूस बदलतं
झोपेतल्या माणसासारखं.
सर्र, सर्र, खट्.
आणि एक नुसतीच काचेची वाटी.
यंत्र कसलं, आतला बाक तेवढा.
वडील पाण्याच्या पेल्यात बोटाने ब्लेड घासायचे
तेव्हा मित्रांसमोर मला लाज वाटायची.
ही वाटी मी साडेआठशेला घेतली.

वागळे इस्टेटीत चौतीस वर्षं टूलरूमला होतो, ग्राइंडरवर.
आमचे रागलोभ दोन मायक्रॉनच्या आतबाहेर.
कंपनीच्या जागी आता निळ्या काचांची इमारत आहे,
रात्रभर दिवे चालू, आत काय बनतं कळत नाही.
आमचे घरत मेस्त्री म्हणायचे,
धार पाजवायची असते रे,
लेकराला पाजतात तशी.
घाई केलीस की ठसका.

मुनाफभाईंच्या टेबलावर विसावं.
लाकडी डबी, बिजागरी मोडलेली,
सहाणेवर चुन्याचे डाग.
"चारशे."
"बिजागरीचे कापा."
"बिजागरी आहे कुठे कापायला?"
तीनशेला आलं, वर चहा.

घरी येऊन उघडलं तर आत पातं तसंच,
खोबरेल चोळून, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं.
आणि झाकणाच्या आतून शिसपेन्सिलीच्या रेघा.
उभ्या उभ्या, कोथिंबिरीच्या बांधाव्यात तशा
जुड्या.
पाच. मग जागा. पाच. मग जागा.

चष्मा बदलून मोजत बसलो.
एका रेघेला एक दाढी.
सोमवार नाही, शनिवार नाही,
म्हणजे आठवड्याला पाच.
हिशेबी माणूस. एका पात्यावर सात आठवडे
आणि आठव्याचे दोन.
रविवार, मंगळवार.
मंगळवारनंतर लाकूड कोरं.

पातं संपलं म्हणावं, तर ते हे माझ्या चिमटीत.

पण चौथी जुडी सहाची.

पुन्हा मोजली. सहाच.
त्या आठवड्यात या गृहस्थाने
एक सोमवार मोडला, नाहीतर शनिवार.
सोमवार नसावा. सोमवार मोडणारा माणूस
तेल लावून पातं ठेवत नाही,
असं मला उगाच वाटलं.
कुठे गेला असेल?
मुलाखतीला? मुलगी पाहायला?
कोर्टात उभं राहायचं होतं?
की कुणी परगावाहून येणार होतं ठाणे स्टेशनवर
आणि खुंट वाढलेले दिसू नयेत एवढंच होतं?
सहावी रेघ बाकीच्यांपेक्षा जरा दाबून काढलेली.
भिंगातून पाहिलं, खोबण पडली आहे.

रात्री बिजागरीला तार गुंडाळली,
सहाण धुतली, चार थेंब पाणी.
वीस वेळा पुढे, वीस वेळा मागे.
मनगटावरचे केस टेकवल्याबरोबर उडाले.
साठेक वर्षं तरी पातं गप्प बसून होतं
आणि विसरलं नव्हतं.

सकाळी आरशासमोर साबण फासून उभा राहिलो.
मागून सुनीती म्हणाली, "अहो, आज शनिवार."
माहीत होतं.
डावा गाल गुळगुळीत झाला, हनुवटीला थोडं लागलं,
तुरटी फिरवली.
पेन्सिल कानावर होती, जुनी सवय,
पण झाकण मी बंद केलं.

इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो.
ती भाजी निवडत होती, वर बघून म्हणाली,
"कुठे निघालात?"