काहीच झालं नाही

वासा, डिसेंबर. दुपारी तीनलाच समुद्र काळवंडतो.
इर्मेली ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर
एक शेपूट बघत बसली आहे:
स्विच बंद होताना उसळणारं, थरथरणारं,
काही अब्जांश सेकंदांचं.
साधं सिलिकॉन असतं तर सांभाळून घेतलं असतं.
हे कार्बाइड फार चपळ,
तांब्याची चार मिलिमीटर जास्तीची वाटही
त्याला खपत नाही.

तिचे वडील बंदरावर
मासेवाल्यांच्या सुऱ्यांना धार लावत.
त्यांचं करडं चाक याच मालाचं होतं.
ती ठिणग्यांना हसायची, तेव्हा म्हणायचे,
दिसते छान, पोरी,
पण तेवढं पोलाद गेलं.

तेव्हापासून तिला वाया जाणाऱ्या उष्णतेचा राग,
बाहेर उणे एकोणीस असलं तरी.
शंभरातले तीन वॅट जायचे, आता दीड.
त्या दीडवर योउको हात शेकतो,
म्हणतो, असू दे की एवढं.
ती बोर्ड पुन्हा आखते.

शुक्रवारी चाचणी.
हे कपाट ओउलूच्या इस्पितळात जायचं आहे,
अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीमागे.
इथे त्याला फक्त एक टेबलावरचा दिवा जोडलेला.
योउकोनं मुख्य खटका पाडला.
दिवा तसाच.
दिव्याखालची तिची सावलीसुद्धा तशीच.
"पाडला ना मी?" योउकोनं विचारलं.

वहीत तिनं तारीख घातली,
पुढे लिहिलं: काहीच झालं नाही.
मग पेन्सिल बोथट वाटली म्हणून
वडिलांच्या सुरीनं टोक काढत
खिडकीशी उभी राहिली.