खाते क्रमांक चारशे सतरा

सात वर्षं या बागेला मी ओळखतो
ती फक्त घनमीटरमध्ये.
खाते क्रमांक चारशे सतरा, कुरुम, टेकडीवरचं घर;
जूनमध्ये बावीस टँकर, जानेवारीत नऊ,
रियाल आणि बैसे, तीन दशांशांपर्यंत.
एका एप्रिलात एकदम एकतीस झाले
तेव्हा मी फोन केला होता: काही गळतंय का?
पलीकडून बाईंचा आवाज, सावकाश, हिंदीत:
"गळत नाहीये. फुललंय. येऊन बघा."

यायला तीन वर्षं लागली.

मस्कतचे डोंगर करपलेल्या भाकरीच्या रंगाचे,
गवताची काडी धरायलाही राजी नसलेले.
गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते, वळते,
आणि फाटकाआड अचानक हिरवं,
इतकं नीट
की मी नकळत शर्ट खोचला.

उतारावर एकाखाली एक पाच चौथरे.
मधून पाण्याची अरुंद पट्टी उतरत जाते,
तिच्या डाव्या अंगाला जे, तेच उजव्या.
इकडे कुंड्यांत सात लिंबं, तिकडे सात.
दुरांटाचं कुंपण असं कापलेलं
की वर भरला पेला ठेवला तर हिंदकळू नये.
चाफ्याची फुलं गळतात
तीही जणू दोन्हीकडे सारखी.

बीबी झुवैना पुढे, काठी टेकत,
अबायाच्या काठाला ओल्या मातीचा एक ठिपका.
जन्म पेंबा बेटावरचा, चालता चालता सांगतात;
तिथे काही लावावं लागत नसे,
नुसतं उपटत राहावं लागे.
"इथलं प्रत्येक पान मी विकत घेतलंय," म्हणतात.
केवढ्याला, ते मला माहीत होतं.

बोललो नाही. काहवा घेतला, खजूर घेतला.
खाली समुद्रात तेलाचे टँकर खोळंबलेले,
मागे चढावर पाण्याचा एक, निळा, धापा टाकत.
चुलतभाऊ असावेत,
एक श्रीमंत निघालेला.

मग पंपघर. मीटर बघायचा आग्रह माझाच,
सवय जात नाही माणसाची.
मीटर ठीक होता.
पण पंपघरामागे, भिंत आणि खडकाच्या बोळात,
घरातल्या अकरा एसींच्या नळ्या एकत्र येऊन ठिबकत होत्या
आणि त्या ठिबकण्याखाली
अळू.
जांभळ्या देठांचं, सुपाएवढ्या पानांचं,
डावं-उजवं काही न जुळणारं, एकमेकांच्या अंगावर पडलेलं अळू.

"वडीचा हाय," मागून कोणी म्हणालं.
याकूब हमदुले, माळी, गाव दाभोळ,
हातात तीच कुंपणाची कातर.
"फदफद्याचा वेगळा, तो तिकडं बादलीत.
हवा पानी सोडते ना, तेवढा मी धरतो.
ऑगस्टात दिवसाला चाळीस लिटर.
कुनाच्या खात्यात नाय."

माझ्या खिशात पेन होतं, वही होती.
चाळीस गुणिले एकतीस मनातल्या मनात झालंही.

अळवाशेजारी तुपाच्या डब्यात एक रोप,
गुडघ्याएवढं, चकचकीत, जरा रुसलेलं.
याकूबने नजरेनेच बाईंकडे दाखवलं.
लवंग. पेंब्याची. सहावी.
आधीच्या पाच या हवेत टिकल्या नाहीत.
बीबींनी काठीच्या टोकाने डबा
थेंबाखाली दोन बोटं सरकवला
आणि वर न बघता म्हणाल्या,
"हे बागेत धरू नका."

परतताना शेजारच्या सीटवर
अरबी वर्तमानपत्रात बांधलेली बारा पानं.
सिग्नलला एका पानावरून थेंब निघाला,
गडगडत कडेपर्यंत आला, थांबला.
बेसन आहे घरी.
चिंच बहुतेक संपली.